माया

वडील केजला शिंपी. गणवेश शिवताना
शिवणीच्या आत दोन बोटं कापड दडवायचे.
कुणी विचारलं, हे कशाला? तर म्हणायचे, माया.
पोर वाढतं. उसवायचं, माया सोडायची,
त्याच कापडात आणखी एक साल निघतं.

मी जिल्हा परिषदेत शाखा अभियंता.
माझ्या अंदाजपत्रकात मायेला रकाना नाही.
पटसंख्येला आहे, तोही एकच,
एका आकड्यापुरता.

धारूरच्या घाटाखाली, बोरखेलवाडीत,
सय्यद मॅडमनी दोन आकडे सांगितले.
पोळ्याला एकशे बारा.
दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे गेल्या की सदतीस.
"यातला कोणता लिहू?"
"पाहणी कोणत्या महिन्यात दाखवताय?" त्या म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

हिवाळ्यात तीन खोल्यांना कुलूप.
एकीत कुणाचं तरी सोयाबीन,
एकीत आग्या मोहोळ,
तिसरीची किल्ली माजी सरपंचाकडे, म्हणजे कुठेच नाही.
पाडव्यानंतर पोरं परतली तरी सोयाबीन हललं नव्हतं.
व्हरांड्यात दाटीवाटीनं बसून
दुसरी आणि तिसरी एकमेकींचे पाढे म्हणत होत्या.

मग मी एकच लांब दालन काढलं.
आत तीन भिंती, घडीच्या,
जमिनीतल्या चॅनेलवर चालणाऱ्या.
पावसाळ्यात उलगडल्या की चार वर्ग.
मार्गशीर्षात मिटल्या की अर्ध्यात शाळा,
अर्ध्यात मागं राहिलेल्या लेकरांची अंथरुणं.

नकाशा वडिलांना दाखवला.
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.
"माया ठेवलीस. पण उसवणार कोण?"
म्हणून भिंत हलकी केली,
चौथीतली दोघं ढकलतील इतकी.

वरून शेरा आला:
भिंत चल की अचल, खुलासा करावा.
मी लिहिलं, हंगामी.
फाईल अकरा महिने झोपली.

चाकांना रुस्तुम पांचाळांनी
जुन्या मळणीयंत्राच्या बेअरिंगा बसवल्या.
दोन्ही अंगांना काळा रंग दिला,
भिंत ती भिंत, फळा तो फळा.

पहिल्या दिवाळीला भिंती मिटल्या तेव्हा
कस्तुरा फळ्यावर बेरीज करत होती.
अडतीस अधिक सत्तेचाळीस.
एकक झाले होते. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.
खडू तिनं खिडकीत ठेवला.

पौषात बावीस लेकरं तिथं झोपली.
एक जण झोपेत बडबडायचा,
बाकीचे त्याला उत्तरं द्यायचे.

पाडवा झाला. भिंत करकरत उलगडली.
घडीच्या आत खडू जसाच्या तसा:
खाली पाच, डोक्यावर बारीक हातचा एक.
मॅडमनी हजेरी घेतली. एकशे नऊ.
तिघांत कस्तुरा होती.
कुणी म्हणालं, कर्नाटकातच ठेवली आत्याकडे.
कुणी काहीच म्हणालं नाही.

एक पोरगा डस्टर घेऊन धावला.
"तेवढं राहू दे," मॅडम म्हणाल्या.
मी खाली बसून
चॅनेलात तेल सोडत राहिलो.