निखार

सुकीच्या कोरड्या पात्रात
हुरमत तडवी काठी रोवतो, मान वर.
मी लशीचा डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते.
डब्यात बर्फ सुटत चाललाय,
वरच्या पाड्यावर अकरा पोरं वाट बघताहेत,
आणि याला पाखरं.

"आली का?"
आली.
अंजनाच्या शेंड्यात आधी नुसती शीळ,
बारीक, नव्या कापडातून सुई जावी तशी.
मग एक निखार फांदी सोडतो,
तो टेकला की दुसरा.
सगळी मिळून कधीच नाहीत.
पुराच्या दिवसांत दगडांवरून
माणसं नदी ओलांडतात,
तशी ती या कोरड्या रुंदीवरून जातात,
एकामागं एक, मागच्याला हाक देत.

हुरमतचे दोन्ही डोळे पिकलेले.
झाड म्हणजे धूर, मी म्हणजे पांढरा ठिपका.
लाल तेवढं कळतं.
"चार गेले," म्हणतो.
चारच. पण मागून पाच पिवळ्या गेल्या,
त्या दर वेळी त्याच्या हिशेबातून निसटतात.
मी मोजून सांगते.
"बाया मोजायच्या राहतातच," म्हणतो
आणि एकटाच हसतो.
मी हसत नाही. माझ्या रजिस्टरात
तीन नावं अजून 'अमक्याची बायको' अशीच आहेत.

फाल्गुनात जळगावला शिबिर झालं.
काळा चष्मा लावून तो परतला,
केळीचे ट्रक मोजत आला म्हणे, सावद्यापासून.

ज्येष्ठात पुन्हा तीच वाळू, तोच अंजन.
थवा मोडलेला. या दिवसांत ती जोडीनं राहतात.
एकच निखार आला, फांदीवर थरथरला,
काहीतरी टिपलं, गेला.
हुरमतनं चष्मा काढला, पुसला, घातला.
"इतलेसेच व्हते का?"

काय सांगणार.
सात वर्षांच्या धुरात
ते वाढत गेले असतील त्याच्या डोक्यात,
कोंबड्याएवढे, होळीएवढे.

मी चालू लागले. बर्फाचं पाणी पाठीवर गळत होतं.
मागून काठी वाळूवर आपटली.
"बाई, ती गाठ बघा."
अंजनाच्या आडव्या फांदीवरची गाठ.
वर्षभर येता-जाता बघितलेली, असं मला वाटत होतं.
गाठीला साल होती, कोळ्याचं जाळं होतं,
वाटीएवढा काठ होता,
आणि काठावरून बाहेर आलेली
बोटाच्या पेरभर पिवळी शेपूट.

"मोजा," तो म्हणाला.