वाळूतला कुळव

रोज संध्याकाळी दिद्रिक किनाऱ्यावर कुळव फिरवायचा.
बैल नव्हते; सैन्याचा ट्रॅक्टर होता,
मागे लोखंडी दाते,
पाइनच्या रांगेपासून लाटेच्या कडेपर्यंत
वाळू विंचरत जाणारे.
पेरायचं काही नव्हतं.
उगवलंच तर पाऊल उगवेल,
आणि तेही उगवू नये म्हणून
मनोऱ्यावरचा दिवा रात्रभर
आमच्या खिडक्या पुसत फिरायचा.

पलीकडे स्वीडन आहे असं कोणी मोठ्यानं म्हणत नसे.
पलीकडे नुसतं पलीकडे होतं.

बाप सांगायचा, आपण किनारकर.
जर्मन बॅरनच्या अमलात किनारकर, झारच्या अमलात किनारकर,
दोन युद्धांत दोनदा घर सोडलं
आणि दोनदा परतलो, ते याच वाळूवर.
शेत आपलं कधी नव्हतंच,
समुद्र तेवढा बिनखंडाचा.

मग कागद आला.
बोटी जंगलात ओढून नेल्या,
घोडे थकले तेव्हा माणसांनी.
आमची बोट जुनिपरच्या झुडपांत तोंड खुपसून राहिली.
दर वसंतात बाप तिला डांबर लावायला जायचा.
तीन वर्षं गेला.
चौथ्या वर्षी डबा घेऊन निघाला,
फाटकापर्यंत गेला,
परत आला
आणि त्या डांबरानं कोंबड्यांचं खुराडं लिंपलं.

त्याच वर्षी, ऑक्टोबरात, मी नऊची,
कुळवलेल्या वाळूत सकाळी ठसे दिसले.
लाटेतून निघून सरळ गावाकडे आलेले,
दुभंगल्या खुरांचे.

कुत्री आली, जीप आली,
ठशांत प्लास्टर ओतलं गेलं.
आन्लीझ आत्या गोठ्याच्या दारात हात पुसत उभी.
‘निळी गाय असेल,’ म्हणाली, आमच्या भाषेत,
‘समुद्राच्या आईची. फार दिवसांनी आली.’
दुभाष्या रीगाचा, त्याला लिव्ह कळेना,
आणि ज्यांना कळत होतं
त्यांना त्या दिवशी रशियन आठवेना.
अहवालात शेवटी एवढंच उतरलं:
जनावर, एक. दिशा, समुद्राकडून. हेतू, अज्ञात.

एल्क पोहायला उतरलं असणार,
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.
तरी त्या रात्री
प्रत्येक दाराबाहेर मूठभर मीठ होतं.

आणि दिद्रिक?
तो कुळव घेऊन ठशांपाशी आला,
थांबला,
वळसा घालून पुढे गेला.
त्या वळशाचे त्याला अकरा दिवस पडले.

सैनिक गेले ते एका रात्रीत,
चुलीवर बटाट्यांचं पातेलं तसंच ठेवून.
समुद्र परत मिळाला तेव्हा
जाळं विणता येणारे गावात तिघं होते,
त्यातल्या एकाला दिसत नव्हतं.

आता मनोऱ्यावर पर्यटक चढतात.
आमच्या भाषेतला समुद्र पाटीवर आहे,
त्याच्याखाली आणखी दोन भाषांत तोच समुद्र,
मोठ्या अक्षरांत.
आत्या गेल्यापासून
‘निळी गाय’ म्हणायला समोर माणूस नाही.
म्हणजे माणसं आहेत,
पण म्हटलं की समजावून सांगावं लागतं.

बोटीच्या पोटातून बर्च वर आलाय.
दोन फळ्या त्यानं उचलून धरल्यात, खांद्याएवढ्या उंचीवर.
बारकी पोरं विचारतात, बोट जंगलात कशी आली?
मी त्यांना मासा खायला देते, धुरावलेला.

दिद्रिक ब्याऐंशीचा झाला.
काठी टेकत वाळूवर येतो,
दहा पावलं चालतो
आणि वळून मागे बघतो.
परवा विचारलं, काय रे, अजून?
म्हणाला, ‘काठीचाही ठसा उठतो बघ.
तीन पायांचं जनावर म्हणून लिहिलं असतं त्यांनी.’
आणि खोकला येईस्तोवर हसला.

गोठा मी केव्हाच विकला.
ऑक्टोबरात मात्र दाराबाहेर मीठ ठेवते.
सकाळी ओलं असतं.
दव असणार.