सत्ताविसावा मणका

तिकीट दहा रुपये, मुलांना पाच.
कॅमेऱ्याचे वीस, पण मोबाइलचे घेत नाही आता,
घ्यायचे म्हटले तर भांडणातच दुपार जाते.
अकरा वर्षं मी ही खिडकी सांभाळते
नगरपालिकेच्या मत्स्यसंग्रहालयाची,
आणि मधल्या दालनातला देवमासाही.

बाटल्यांपाशी फारसं कुणी थांबत नाही.
फॉर्मलिनमध्ये सगळे मासे एका रंगाचे होतात:
बांगड्याची हिरवी पाठ जाते,
तांबोशीचा तांबूसपणा जातो,
उरतो उकडलेल्या बटाट्याचा रंग
आणि खाली चिकटवलेलं लॅटिन नाव.
घाटावरच्या बायका विचारतात, यातली सुरमई कुठली?
मी दाखवते.
ही? म्हणतात, आणि पुढे जातात.

देवमाशाखाली मात्र सगळ्यांचा आवाज उतरतो.
छतापासून तारांनी टांगलाय तो,
शेपटी खिडकीकडे, तोंड मुतारीकडे
(जागाच तेवढी होती).
मी पाठ केलेलं म्हणत जाते,
लांबी, फासळ्या, कुठल्या किनाऱ्याला लागला,
आणि मग बोट वर करून:
सत्ताविसावा मणका प्लास्टरचा.
मूळचा समुद्रात वाहून गेला.
पाटीवरही तसंच लिहिलंय.

बंदीचे दिवस होते, होड्या झापांखाली.
उस्मान होडेकर आले, सुटे दहा रुपये मुठीत ओले.
बाटल्या पाहिल्या नाहीत. शिंपल्यांचं कपाट पाहिलं नाही.
सरळ त्याच्या पोटाखाली जाऊन उभे राहिले,
ओळखीच्या घरात माळ्याकडे बघावं तसे वर बघत.
"ह्यो खोटा."
होय चाचा, पाटीवर आहे.
"वाहून नाय गेला. माज्या घरात हाय."

मग बसले दाराशेजारच्या बाकावर, माझ्याच डब्याशेजारी.
नऊ जणांनी दोर लावला होता त्याला.
चौथ्या दिवशी वास असा, की कावळेही लांबून बघत.
मांस डंपरने नेलं, हाडं वाळूत पुरली,
वर्षाने उकरली तेव्हा पुन्हा हेच नऊ जण,
मजुरीचा कागद अजून कुठल्या तरी टेबलावर आहे.
"फोटो सायबांचा आला पेपरात.
आमी काय न्यायचा? मी एक मनका नेला."
हसले. खालचे दात नव्हते.

रविवारी गेले मी. का गेले, सांगता येत नाही.
बंदरवाडीतलं शेवटचं घर, मागल्या दारी माड,
आणि माडाखाली खैरून, विळीवर मासे चिरत,
त्या मणक्यावर बसून.
बसून बसून गुळगुळीत झालेला, तूप लावल्यासारखा,
मध्ये तिच्या देहाएवढा खळगा.
तीन सुनांची बाळंतपणं झाली घरात, म्हणाली,
पण कुणाला बसू दिलं नाय.
मग उठली, लुगड्याच्या पदराने पुसला,
आणि मला म्हणाली, बस.

बसले.
थंड होता, दमट, दगडापेक्षा हलका वाटणारा.
कडेला खवले चिकटलेले,
गाडीतळ्यात गळ टाकून पोरांनी आणलेल्या तांबोशीचे,
तांबूस. अगदी तांबूस.
अकरा वर्षांत हा रंग मी कामावर पाहिला नव्हता.

सोमवारी अर्जाचा कागद काढला.
मा. मुख्याधिकारी, विषय: पाटीतील मजकुराची दुरुस्ती.
तीन प्रती लागतात, कार्बन दोनच होते.
कागद खणात आहे.

काल कोल्हापूरचं एक कुटुंब, दुपारच्या उन्हात घामाघूम:
आणखी काय आहे हो इथे बघण्यासारखं?
राजवाडा आहे, पण आज बंद.
दीपगृह चारनंतर, जिना अरुंद, आजोबांना नेऊ नका.
किल्ल्यावर माकडं आहेत, पिशव्या आवळून धरा.
एका बाजूला वाळू काळी, दुसऱ्या बाजूला पांढरी,
दोन्हीकडे भेळ महाग.
धाकटी मुलगी तोवर वर बघत मोजत होती.
पंचवीस, सव्वीस.
हा वेगळा का दिसतो?
प्लास्टरचा आहे, बाळा.
मग खरा कुठाय?

खरा वापरात आहे, म्हणाले मी.
तिच्या आईला वाटलं, माझी जीभ घसरली.