मुद्देमाल

आधी परवाना वाचला.
भिंतीवर होता, काचेत, सरळ टांगलेला,
तरी चष्मा लावून तारीख बघितली, शिक्का बघितला.
प्रणोती हसली. "मामानु, आता तरी बसा."
शिरोड्याच्या ह्या बंद पडलेल्या काजू कारखान्यात
बायकांचे हात चिकानं काळे व्हायचे,
तिथे आता स्टीलच्या टाक्या, आणि त्यांच्या पोटात
गुरगुर.

एकतीस वर्षं दारूबंदी खात्यात. बांद्याचा नाका,
मग सावंतवाडी, मग पुन्हा बांदा.
ट्रकात वर चुन्याची पोती, आणि पोत्यांखाली काय
हे मी इंजिन थंड व्हायच्या आत सांगायचो.
प्यायलो मात्र कधी नाही.
म्हणजे, फारशी नाही.

"बेल्जियमात मठातले संन्यासी करतात असली," ती सांगते.
मी विचारलं, मग त्यांच्यावर धाड कोण घालतं?
"त्यांची साडेनऊ टक्के. माझीपण साडेनऊ."

ग्लास नाही. रुंद तोंडाचा पेला,
खाली समईसारखा दांडा.
रंग काकवीचा; खिडकीकडे धरला तर
मिठागरात अडकलेलं संध्याकाळचं पाणी.
फेस बोटभर. खाली बसत नाही. हट्टी आहे.

वास घेतला सवयीनं,
तळहातानं वारा नाकाकडे ओढत, तोंड न लावता.
आधी राजेळी केळं, साल काळी पडलेलं.
मग लवंग. (लवंग घातलीच नाही,
शपथेवर सांगते ती, यीस्टच आणतं तो वास.)
मग धणे, न भाजलेले.
मग आणखी काहीतरी, ओल्या लाकडासारखं,
नाव येईना.
ती गप्प, वहीवर पेन टेकवून,
माझ्या हाताखालच्या कारकुनासारखी.

घोट घेतला.
गोड. आणि गोड संपायच्या आत
जिभेच्या कडांना मुंग्या.
तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यातून उठून
हे इथे कसं आलं?
आणि सगळं गिळून झाल्यावर
घशाच्या मागे उभं राहिलेलं कडू:

किराईत.
आई रात्री वाटीत भिजत घालायची,
सकाळी नाक दाबून एका दमात, वर गुळाचा खडा.
इथे गूळ आधी येतो.

हे सगळं मी सांगितलं, तिनं लिहून घेतलं.
पण तिरफळ अजून ओठांवर वाजत होतं,
आणि सातार्ड्याच्या खाडीकाठची इनासीनबाय
समोर येऊन उभी राहिली. चौऱ्याऐंशीचा मे.
काजूची भट्टी, मातीनं तोंड लिंपलेली मडकी.
मी वाकून वास घेतला. म्हटलं, ह्यात तिरफळ आहे.
बाई घाबरायला हवी होती.
तिचं तोंड उजळलं.
"सायबानु, तुमका कळला?
आजपर्यंत कोणाक कळूक नाय."

मग आम्ही पाच मडकी खाडीत ओतली.
एक बाटली नमुन्याला ठेवली, लाखेनं बंद करून.
पंचनाम्यात लिहिलं: उग्र वासाचे द्रव,
अंदाजे साठ लिटर, जागीच नष्ट.
तिरफळ लिहिलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

"कशी झालीहा? खरां सांगा."
पेला फिरवतो. फेसाचे पदर
काचेला धरून राहिलेत, ओहोटीनंतर खडकाला राहतात तसे.
दोन घोटांत कान तापलेत.
म्हणतो, किराईत अर्ध्यानं कमी कर.
तिरफळाला हात लावू नकोस.
बी काढून टाकतेस ना त्याची?
ती मान हलवते.

आणि लेबलावर लिही.
मोठ्या अक्षरात लिही, ह्यात तिरफळ आहे म्हणून.

"लिहिणारच मामा," ती वही मिटते,
"लिहावंच लागतं. कायदाच आहे तसा."