दम

ट्रेलेबोर्गच्या बाहेर, बीटाच्या शेतांपलीकडे
फोल्केचं गॅरेज. पूर्वी तिथे डुकरं होती.
दमट दिवशी अजून फरशीतून वास वर येतो
आणि माल्मोहून आलेली गिऱ्हाइकं
हळूच आपल्या बुटांचे तळवे बघून घेतात.

नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
लिफ्टवर सुपरकार, कमरेपासून उघडी,
आठ सिलिंडर, आणि त्यांच्या उरावर
तो सुपरचार्जर, पट्ट्याने क्रँकला बांधलेला.
इंजिन जे कमावेल त्यातला वाटा
आधी स्वतःसाठी काढून घेणारा.
‘पण रोखठोक,’ फोल्के म्हणाला,
‘पाय टेकवलास की हवा हजर.
याच्याकडे उद्या ये म्हणणं नाही.’

मग काढायचा कशाला?

मालकीण, तोवे लिंडक्रांत्स, दातांची डॉक्टर.
म्हणाली, ‘दिवसभर तीच शिट्टी लोकांच्या जबड्यात,
आणि संध्याकाळी गाडीत बसले की
पुन्हा तीच, माझ्या मानेमागे.’

अकरावा बोल्ट गंजलेला होता.
त्याने माझा अर्धा शनिवार खाल्ला.
दोघांनी धरून ते धूड बाकावर ठेवलं.
खाली, सिलिंडरांच्या दोन ओळींमधल्या घळीत,
एक वाळलेली माशी, कुणाचं तरी हरवलेलं वॉशर
आणि तेरा वर्षं उजेड न पाहिलेलं ॲल्युमिनियम.

टर्बो दोन आले, भुश्शात गुंडाळलेले.
गोगलगाय, पोटात पाय.
यांना क्रँककडून काही नको.
यांना हवं ते, आपण जे मागच्या नळीतून फेकतो:
जळून झाल्यावरची धग,
काम संपलेला, घाईत निघालेला वायू.
त्याला दारात अडवायचं, पातं फिरवायला लावायचं
आणि मगच जाऊ द्यायचं.

मी नळ्या कापल्या, जोडल्या, झाळल्या,
डावीकडे चार, उजवीकडे चार,
निळ्या-सोनेरी शिवणी बघत बसले स्वतःच्याच.
फोल्केने बॅटरी मारली, वाकला, आणि म्हणाला,
‘तेल परत कुठून येणार?’
मी टर्बो बसवले होते फार खाली.
तेल चढत नाही, इल्वा. तेल उतरतं.
दोन आठवड्यांचं काम भंगाराच्या डब्यात,
आणि तो ठणाणा आवाज तरी
त्याला नीट ऐकू आला असणार.

चार बोटं वर. पुन्हा कापणं, पुन्हा शिवण.
या खेपेला सोनेरी रंग बघायला वेळ नव्हता.
पिस्टन बदलले, कारण जास्त हवा कोंडायची
तर आधी थोडी जागा सोडावी लागते.
हे फोल्केने मला सांगितलं नाही,
कागदावर आकडे मांडून माझ्यापुढे सरकवलं.

रोलरवर गाडी चढवली त्या रात्री बाहेर वारा होता,
शेतातली शेवटची बीटं उचलणारा ट्रॅक्टर दूर लुकलुकत होता.
मी पाय दाबला.
काही नाही.
इंजिन बोलत होतं, पण गाडी
जणू दुसऱ्याच कुणाचं ऐकत होती.
माझा पाय उचलायला लागला, तसं
काचेपलीकडून फोल्केने तळवा दाखवला:
दम धर.

आणि मग ते आलं.
मागून नाही, खालून.
पट्टे ताणले, पत्रा थरथरला, नळ्या लाल,
कपाटावरचा कॉफीचा डबा चालत चालत कडेला आला नि पडला.
आठशे बारा, पडद्याने म्हटलं.
तोवेने फोटो काढला. मला माझा श्वास सापडेना.

‘शिट्टी गेली,’ मी म्हटलं, सगळं शांत झाल्यावर.
फोल्के हात पुसत होता.
‘मला ती सात-आठ वर्षांपूर्वीच गेली,’ तो म्हणाला.
‘वरचे सूर आधी जातात.
मी हात ठेवून काम चालवत होतो.’

तोवे गेल्यावर झाडताना
बाकावरच्या त्या जुन्या सुपरचार्जरची पुली
मी बोटाने फिरवली.
आत दोन स्क्रू एकमेकांना न शिवता फिरले,
एक बारीक सुस्कारा आला.
फोल्केने मान वर केली.
‘काही वाजलं?’

मी पुली धरून ठेवली.
मग त्याचा तळवा घेतला, त्या झाकणावर ठेवला
आणि पुन्हा फिरवली.