खापर

अमळनेरच्या पतपेढीचं सभागृह.
माझ्यामागे फलक: ‘नेतृत्वाचे सात धडे,
टीव्हीच्या आखाड्यातून थेट तुमच्या शाखेत’.
धडे त्यांनीच छापून आणलेत,
मी फक्त मधे मधे हसायचंय.
समोर चौसष्ट कर्मचारी, वह्या उघड्या.
वाणीसाहेब घसा खाकरून सांगतात,
या आपल्या कोकिळाताई बडगुजर,
निळ्या संघाच्या कप्तान,
डोळ्यांत पाणी आलं, पण संघाची साथ सोडली नाही.

ते पाणी तुम्ही पाहिलंत.
मीही पाहिलं, घरी, पोरांच्या मधे बसून.
ते रडणं मंगळवारचं, कांदे चिरतानाचं.
निकाल लागला गुरुवारी.
मधला बुधवार त्यांनी कापून टाकला.

बुधवार सांगते.

चार तास, दीडशे पानं, आठ माणसं,
डोक्यावर लाल आकड्यांचं घड्याळ.
मी कप्तान, म्हणून मी सगळीकडे:
याच्या हातातला झारा घे,
तिची फोडणी हलव,
ज्याचं नीट चाललंय त्यालाही एकदा नीट कर म्हण.
पुसदचा निनाद डाखोरे, बावीस वर्षांचा,
दोनदा जवळ आला.
ताई, खापर जास्त तापलंय, तडकेल.
पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही.
दुसऱ्यांदा आलं, आणि मी म्हटलं,
खापरापाशी मी रांगत मोठी झाले,
तू तुझा रस्सा बघ.

आवाज अगदी लहान झाला,
बांगडी वाढावी एवढाच.
एकोणचाळीस पानं मांड्यावाचून गेली.

चूक कुणाची, परीक्षकांनी विचारलं.
मी मान वर करून म्हणाले,
आमची. सगळ्यांची.
टाळ्या पडल्या.
संगीत नंतर घातलं असेल,
मला ते तिथेच ऐकू आलं होतं.

‘सगळ्यांची’ हा फार ऐसपैस शब्द आहे,
एक बाई त्यात आरामात लपते.

पण खेळाचा नियम असा
की खापर एका डोक्यावर फुटलंच पाहिजे.
आठ चिठ्ठ्या. सहांवर निनाद.
त्यातली एक माझ्या अक्षरातली.
जाताना तो माझ्या मागे थांबला,
माझ्या ॲप्रनची गाठ सुटली होती
ती बांधली,
आणि गेला.
मी आणखी तीन आठवडे टिकले.

आमच्याकडे लग्नात अकरा बाया मांडे करतात.
कप्तान कोण, हे अजून कुणी विचारलेलं नाही.
जिच्या खापराला धग लागते ती ओरडते,
पऱ्हाटी मांगे वढ व माय!
आणि जी जवळ असेल ती ओढते,
मग ती सरपंचाची सून असो
की भांडी घासायला आलेली.
हे मला चौथीत असताना ठाऊक होतं.
स्टुडिओच्या दिव्यांत कुठे गेलं, देव जाणे.

हे सगळं मी त्या सभेत बोलत गेले.
चिठ्ठीपर्यंत आले
आणि पाणी मागितलं.
पाणी पिऊन
धडा चौथा वाचून दाखवला:
जबाबदारी वाटून घ्या.
चौसष्ट जणांनी तो उतरवून घेतला.
शाल मिळाली, नारळ मिळाला,
वाणीसाहेबांच्या मिसेसनी पुरणाचं प्रमाण विचारलं.

परवा आखाजीची ऑर्डर होती.
दोन्ही हातांवर मांडा, कोपरापर्यंत पसरलेला,
आणि मागून नवी पोरगी, रंजू, कामावर तिसरा दिवस,
हळूच म्हणाली,
काकू, खापर लाल व्हयनं.

तोंडाशी आलेलं गिळलं.
वळले.
वळेपर्यंत मांडा लोंबला, मधोमध फाटला,
गरम पुरण मनगटावरून खाली.

कुठे, मी म्हटलं,
दाखव.