नऊ, सव्वानऊ, पाच, नऊ

सेदाची निवा स्वतःच्या चाकांवर आली,
पण तीन पायांच्या बकरीसारखी.
मागे चीजचे डबे, वर घोंगडी.
गुमरीतल्या मेकॅनिकने तिला सांगून टाकलेलं:
इंजिन संपलं. पुस्तकात बारा लिहिलेत,
तुझ्या एकाही सिलिंडरला दहा नाहीत.

पुस्तक समुद्राकाठी लिहिलेलं.
आशोत्स्क दोन हजार मीटरवर,
इथे हवाच पातळ, ताकात पाणी घातल्यासारखी,
इथले नऊ म्हणजे खाऊनपिऊन सुखी नऊ.
हे मला वारुझानने शिकवलं, माझ्या वडिलांनी,
तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि माझं काम एकच:
सीटच्या टोकाला सरकून
पेडल तळाला टेकवून धरायचं.
एकदा बुटात खडा होता, मी पाय काढला,
चारही आकडे धाडकन खाली.
"तोंड दाबून धरतेस आणि विचारतेस श्वास किती?"
त्यांनी खडा काढून दिला. पुन्हा मोजलं.

आता पेडलवर वीट ठेवते.
इंजिन गरम, चारही प्लग बाहेर,
कॉइलची तार काढलेली, चोक उघडा,
बॅटरी माझी, कारण सेदाची दमलेली.
स्टार्टरचे सहा फेरे, प्रत्येकाला सहाच, पक्षपात नाही.
नऊ.
सव्वानऊ.
पाच.
नऊ.

शेजारचे दोन्ही पडले असते तर गॅस्केट म्हटलं असतं.
हा एकटाच.
प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं.
रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने त्यांची बाजू घेतली असती,
आकडा वर सरकला असता.
पाच. फार तर पाच आणि थोडं.
मग पिस्टन वर आणून कंप्रेसरची नळी लावली
आणि हवा कुठून पळते ते शोधत फिरले.
कार्ब्युरेटरच्या तोंडाशी तळहात: काही नाही.
तेलाच्या झाकणाशी कान: काही नाही.
मागे जाऊन गुडघ्यावर बसले, बर्फातच,
आणि सायलेन्सर माझ्या गालावर
सू करत राहिला.

रात्रभर गार होऊ दिलं.
सकाळी कव्हर काढलं, पट्ट्या काढल्या.
पंधराची सगळीकडे गेली,
लोण्यात सुरी जाते तशी नव्हे, जरा अडून, जशी जायला हवी तशी.
पाचव्या व्हॉल्व्हवर गेली नाही.
दहाची गेली नाही.
पाचची अर्ध्यावर अडकली.
व्हॉल्व्ह दिवसरात्र किंचित उघडा,
झोपेत तोंड उघडं राहतं माणसाचं, तसा.

हे व्हॉल्व्ह ऑक्टोबरमध्ये बाबांनी बसवले होते.
मोतीबिंदू पिकलेला, तरी मला म्हणाले तू चहा टाक.
पाचव्यावर खिडकीचा उजेड पोचत नाही.
चालू केल्यावर खूश झाले: ऐक,
शिवणयंत्रसुद्धा एवढं गप्प नसतं.
हेच बाबा, ज्यांनी मला तीस वर्षं बजावलं
की टिकटिकतो तो व्हॉल्व्ह जगतो,
गप्प बसतो तो जळतो.

सतराचा पाना, तेराचा पाना.
नट सैल, बोल्ट एक केसभर उलटा, नट घट्ट,
पुन्हा पट्टी, कारण घट्ट करताना तो नेहमी फसवतो.
इंजिन तापवून परत मोजलं: साडेआठ.
अर्धा किलो हिवाळ्यात कुठे जळाला ते मी लिहून ठेवलं नाही.

बाबा शेगडीशी बसलेले.
काय निघालं?
प्लग, मी म्हणाले.
त्यांनी हात पुढे केला, पट्ट्यांचा जुडगा मागितला,
एकेक पट्टी चिंधीने पुसली, पंधराची दोनदा.
"तिसऱ्याचा," ते म्हणाले.
कितव्याचा ते मी बोलले नव्हते.

सेदा दुपारी आली. चढावर गाडी टिकटिकत गेली,
वळणापर्यंत ऐकू येत होती.
पैशांऐवजी चीज ठेवून गेली, दोन गोळे.
फार खारट. बाबांनी मात्र पुन्हा मागून घेतलं.